ती तशी नाहीच

हसू नका, पण सई खोटं बोलायला शिकेल या काळजीने मला झोप येत नव्हती. मुळशीत पाळणाघर कुठलं? मी रिसॉर्टच्या कामावरून येईपर्यंत पाच वर्षांची पोर सासूबाईंच्या मांडीवर बसून मालिका बघते. कारस्थानंच शिकणार ना? परवा मी रिमोट हातात घेऊनच शेजारी बसले.

मालिकेतली थोरली जाऊ पहिल्या भागापासून भांडकुदळ, पण लबाड कधीच नव्हती. परवा मात्र तिने सासूचा हार स्वतः लपवला आणि धाकटीवर आळ घेतला. मी टीव्ही बंद करणार, तेवढ्यात सासूबाई इंद्रायणी तांदूळ निवडायचं सूप खाली ठेवून टीव्हीलाच म्हणाल्या, “न्हाई. ही असं करायचीच न्हाई. तोंडावर लई बोलंल, पर चोरी न्हाई करायची.”

सईनेही मान डोलावली. “आजी, ती तशी नाहीच आहे.”

म्हणजे पोर माणसं ओळखायला शिकत होती, आणि मी उगाच जागत होते. इतकं बरं वाटलं, की मी समजवायलाच बसले. “अगं, तिची चूक नाही. लिहिणारे सोयीप्रमाणे तिला बदलतात. आज अशी, उद्या तशी. मग बघण्यात मजा राहत नाही.”

सई माझ्याकडे बघत राहिली. मोबाईल अजिबात मिळणार नाही म्हणून आदल्या दिवशी मी तिला रडवलं होतं, आणि त्या दिवशी भात संपावा म्हणून मीच तो तिच्या ताटासमोर उभा करून ठेवला होता.

“आई,” ती म्हणाली, “तुला कोण लिहितं?”