मागची भिंत

डॉक्टरांनी हिच्या आजाराचं नाव सांगितलं, त्या दिवशी आमच्या घराच्या तीन भिंतींना बाहेरून लाकडी फळ्या लावून झाल्या होत्या. मग काम थांबलं. ही गेल्यानंतर आज प्रथमच लाकडाच्या वखारीत आलो. रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको होते.

"चारही भिंती काही खिशाला परवडत नाहीत. मागची सोडू."

"मागे काय भूत राहतं? कपडे वाळत घालायला मी तिथंच असते."

"पाहुणे पुढूनच येतात ना?"

"मग दरवर्षी फळ्यांना तेलही पाहुण्यांकडूनच लावून घ्या. दाखवा तो हिशेबाचा कागद. अहो, यात खिडक्या कुठं वजा केल्यात?"

"खिडक्या?"

"दारसुद्धा फळ्यांनी बुजवलंय. घरात शिरायचं कुठून, धुराड्यातून?"

"थांब, वजा करतो. अरेच्चा, मागची भिंत बसतेय की यात."

"बसणारच."

"तेल मात्र तू लावायचं."

"हात पोचेल तिथवर मी. वरचं तुम्ही, शिडीवरून."

"आणि शिडी कोण धरणार?"

"मीच. दुसरं कोण आहे तुम्हाला?"

ते हसत पुढे गेले. माझा नंबर आला. "आमच्या मागच्या भिंतीला फळ्या लावायच्या राहिल्या आहेत," मी वखारवाल्याला म्हणालो.