दुहेरी कापडाची पिशवी

छातीच्या डॉक्टरांकडे नंबर लागायची वाट बघून बाई कंटाळल्या होत्या. मागच्या बाकावर निकेलच्या कारखान्यातून निवृत्त झालेले दोन म्हातारे येऊन बसले. एकाचा आवाज घोगरा, दुसऱ्याचा खणखणीत. बाईंनी हातातलं मासिक मिटलं.

“आता म्हणे निकेलच्या टाकीत पातळ पडदा लावतात. विजेला वाट देतो, ॲसिडला अडवतो,” खणखणीत म्हणाला.

“आपल्या वेळी टाकीतल्या विजेच्या पट्ट्यांवर कापडी पिशव्याच चढवायच्या, लेका. शिवायला आपल्याच बायका.”

“त्या शिवणखात्यात काय हशा चालायचा! मशिनांचा खडखडाट ऐकू यायचा नाही.”

“तुझ्या टाकीत मात्र निकेल कायम कमी,” घोगरा म्हणाला. “साहेब तुझ्या नावानं खडे फोडायचे.”

“फोडणारच. आमची ही माझ्या टाकीच्या पिशव्या गुपचूप दुहेरी कापडाच्या शिवायची.”

“काय सांगतोस! मग वीज खेळणार कशी?”

“तेच म्हटलं तिला. तर म्हणाली, विजेचं वीज बघून घेईल, ती ॲसिडची वाफ तुमच्या नाकात जायला नको.”

“वहिनी म्हणजे वहिनीच! आणि तू गप्प बसलास?”

“साहेबापुढं तोंड उघडता येतं रे. घरी कुठं येतं?”

दोघं खदखदून हसले. हसता हसता घोगऱ्याला ठसका लागला, तो काही केल्या थांबेना.

“हळू. पाणी घे जरा.”

नर्स दारात आली. “तुमच्यात पेशंट कोण?”

“हा.” खणखणीत आवाज एकदम खाली आला. “मी नुसता सोबतीला आलोय.”