सहासष्टची शेपटी

साइट — ...म्हणून कटर लावतोय, मॅडम. विचारत नाहीये, कळवतोय.

लेक — कटर? कशाला?

साइट — पुन्हा पहिल्यापासून सांगू? काँक्रीटचा बाक बहात्तर तुकड्यांचा. एकाहत्तर बसवले. सहासष्टची जागा रिकामी आहे आणि हातात उरलाय तेहतीस. तेहतीस तर आम्ही परवाच बसवला! तुमच्या यार्डानं एक तुकडा दोनदा पाठवला आणि एक पाठवलाच नाही.

लेक — गाडी भरताना मी स्वतः वर उभी होते. बहात्तर मोजलेत.

साइट — बहात्तरच आलेत हो. मोजता येतं तुम्हाला. वाचता येत नाही.

लेक — साहेब, तो बाक नागमोडी आहे. प्रत्येक तुकड्याचं वळण निराळं. एक तुकडा काढला की आम्ही साचा मोडून पुढचा बांधतो. दुसरा तेहतीस ओतायचा म्हटला तरी कशात ओतणार?

साइट — ते तुमचं तुम्ही बघा. माझी क्रेन एक वाजता जाणार. उद्या आर्किटेक्ट येणार, आणि तिला काय दाखवू, दात पडलेला बाक? दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं उडवतो, बसेल कसातरी.

लेक — कसातरी? आणि नाही बसला तर? नवा साचा, नवं ओतकाम, वर अठ्ठावीस दिवस पाणी. महिनाभर तिथं भोक राहील.

साइट — मग सहासष्ट द्या.

लेक — दहा मिनिटं द्या. आणि तुकड्याच्या बाजूवर रंगवलेल्या आकड्याचा फोटो पाठवा.

साइट — पाठवतो. पण तेहतीसच दिसणार. फोटोत काय वाढतो का आकडा?

(फोन म्यूट करून ती शेडमध्ये येते.)

लेक — बाबा! हातातलं ठेवा आधी.

मिस्त्री — यार्डात मिस्त्री. घरी बाबा. नियम तुझाच.

लेक — नियम गेला खड्ड्यात. हा फोटो बघा. साइटवाला म्हणतो दोन तेहतीस पाठवलेत. कापायला निघालाय.

मिस्त्री — कापायला? उचलली करवत, लावली बाकाला! चष्मा दे... हा कुणाचा आकडा?

लेक — तुमचा. बहात्तरही मराठी आकडे तुम्हीच रंगवलेत.

मिस्त्री — मी असा तीन काढत नाही.

लेक — बाबा, ब्रश तुमच्या हातात होता.

मिस्त्री — म्हणूनच सांगतोय. माझ्या तीनची शेपटी खाली असते. ह्याची बघ, वर आलीय. तीस वर्षांत कधी शेपटी वर काढलीय मी? हा फोन फिरव. अगं, माझ्याकडे काय बघतेस, फोन फिरव, उलटा.

लेक — ३३ उलटा... ६६. सहासष्ट.

मिस्त्री — सहासष्ट. शेपटी खाली. तुकडा पालथा पडलाय बिचारा, आणि हे शहाणे त्याच्या पोटाला पाठ समजतायत. तरी बरं, छत्तीस नव्हता. छत्तीस पालथा घातला तरी छत्तीसच.

लेक — हसू नका. तेहतीस आणि सहासष्टच्या खाली रेघ मारा म्हणून मी दोन वेळा सांगितलं होतं.

मिस्त्री — माझ्या आकड्याला रेघेचा टेकू लागत नाही.

लेक — आज लागला.

मिस्त्री — मारली नाही रेघ. सांग त्याला. आधी कटर बंद करायला सांग, मग हेही सांग.

लेक — हॅलो, साहेब? कटर थांबवा. त्या तुकड्याच्या वरच्या अंगाला हात फिरवा. कडेला बोटभर रुंद खाच लागते का?

साइट — लागतेय. हे काय, तडा?

लेक — पाणी ठिबकायची खाच. ती खालून असते. तुम्ही तुकडा पालथा ठेवलाय. आकडाही उलटा वाचताय. तो सहासष्ट आहे.

साइट — कशावरून?

लेक — तीनची शेपटी वर आहे.

साइट — मॅडम, मी इंजिनिअर आहे, शेपट्या बघत नाही. हे आकडे रंगवतो कोण? त्याला आधी घरी बसवा. मशीननं स्टिकर लावा सरळ.

लेक — रेघ मारायची होती, ती राहिली. ती चूक आमची, माझ्या यादीत मी तशी लिहिणार. पण अक्षराला बोल लावू नका. अख्ख्या यार्डात फोटो बघून तुकडा पालथा आहे हे ओळखणारा तो एकच माणूस आहे.

साइट — एवढी खात्री?

लेक — माझा बाप आहे तो. उलटा करा तुकडा. नाही बसला तर कटर मी येऊन धरते.

मिस्त्री — हे असलं कशाला बोलतेस त्याला?

लेक — गप्प बसा हो.

साइट — ए, पट्टे लाव! वर घे... सावकाश. फिरव. अजून. उतरव. उतरव... थांब!

लेक — काय झालं?

साइट — थांबा जरा, पट्टी लावून बघू दे.

मिस्त्री — काय म्हणतोय?

लेक — पट्टी लावतोय.

मिस्त्री — फट आठ मिलिमीटर आली पाहिजे. साडेसातही नको.

साइट — मॅडम... आठ. खाली आठ, वर आठ. पलीकडूनही आठ.

लेक — आठ, बाबा. दोन्ही बाजूंनी.

मिस्त्री — मग काय नऊ येणार होती?

लेक — डोळे का पुसताय?

मिस्त्री — सिमेंट उडतंय. त्याला विचार, बसून बघितलं का कुणी. बाक आहे तो, पट्टी काय लावतोय नुसती.

लेक — साहेब, मिस्त्री विचारतायत, कुणी बसून बघितलं का?

साइट — त्यांना सांगा, मी मघापासून बसूनच बोलतोय.