पंपाचा 'प' नाही!

नाही, तुम्हीच सांगा, नोकरीच्या इंटरव्ह्यूला आलेल्या मुलाला पहिला प्रश्न कुणी 'सायकल कुठे लावलीस?' असा विचारतं का हो? आमच्या अंबरीशला विचारला! अंबरीश म्हणजे माझा सख्खा भाचा, पुण्याहून इथे हॉलंडात, आइंडहोवनला येऊन मेकॅनिकलची मास्टर्स केलेला, आणि पदवीनंतर नोकरी शोधायला वर्षभराचा परवाना मिळतो ना, त्याचे दोनच महिने उरलेले! पंपांच्या कंपनीत ज्युनिअर इंजिनिअरची जागा, आणि समोरचा साहेब, योरिस त्याचं नाव, विचारतो सायकल! अंबरीश मनात म्हणाला, कुठेतरी पाणी मुरतंय.

बरं, त्या योरिसने कॉफी स्वतः आणून दिली. साहेबाने! पोराने आधी कपात डोकावून पाहिलं. शेजारी एचआरच्या मारलूसबाई, गोड हसून म्हणतात, "शनिवार-रविवारी काय करतोस?" आता हा सापळाच, नाही का? याने छाती पुढे काढून ठोकून दिलं, "काम!" तुम्हाला सांगतो, बाईंचा चेहरा असा उतरला, जसं काही याच्या घरी कुणी आजारी आहे. "अरेरे... मित्र नाहीत का रे तुला?" पाणी मुरतंय!

पुढे तासभर, आई काय करते, पोहता येतं का, गावात करमतं का... पंपाचा 'प' नाही! महिनाभर घोकलेलं सगळं पोराच्या घशाशी आलं. शेवटी तोच काकुळतीला येऊन म्हणाला, "सर, काहीतरी टेक्निकल विचारा ना!"

"सर नको, योरिस म्हण. आणि विचारायचं काय? डिग्री आहे ना तुझ्याकडे? आमचा विश्वास आहे."

विश्वास! ओळख ना पाळख, आणि विश्वास? आता मुरतंय कसलं, पाणी पार गळ्यापर्यंत आलं! अंबरीशला राहवेना. ताडकन उभा राहिला. "खरं सांगा, ही जागा आधीच भरलीये ना?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग योरिस, अगदी शांतपणे, "हो. सोमवारीच. पण तुला वेळ देऊन बसलो होतो, रद्द करणं बरं दिसलं नसतं."

घ्या! 'सॉरी' नाही, 'कळवतो' नाही, सरळ तोंडावर!

तिथून पोरगा थेट आमच्याकडे आला. मामीने वाढलेला वरणभात जेवला. मी हळूच विचारलं, "फार वाईट वाटलं का रे?"

"चालायचंच, मामा," तो म्हणाला, "या देशात आल्यापासून माझा पहिलाच अंदाज बरोबर निघाला."