गप ऐकायची श्रद्धांजली

खरं सांगू, मला वाटलं होतं माणसं डोळे मिटून ऐकतील. डब्लिनमध्ये शिकताना ज्याच्या गाण्यांनी मला तगवलं, तो आयरिश फोक-रॉक गायक गेला. त्याचं नाव इथंही राहावं म्हणून मंगळवार पेठेत मामांच्या भजनी मंडळाला मी त्याचं गाणं ऐकवलं. धृपद दुसऱ्यांदा आलं आणि मामांनी टाळच धरले. शब्द न कळताही सगळे मोठ्यानं गायला लागले.

मी गाणं थांबवलं. "मामा, श्रद्धांजली हाय ही! गप ऐका की."

"मग तुझा गायक तीच ओळ परत परत का म्हणतोय? आमी म्हणावी म्हणूनच की!"

पुढच्या गुरुवारी मंडळातच त्याच्या आयुष्यावर माझं भाषण होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी ते रद्द केलं आणि त्याचं धृपद मराठीत करायला बसले.