ज्ञानूचं कॅनडातलं घर

सोनईच्या थांब्यावर नगरच्या गाडीची वाट पाहत होतो. बाकावर शेजारी एक म्हातारा नवरा आणि त्याची बायको बसली होती. म्हातारा तिला कॅनडातल्या पोराचं सांगत होता.

"मळा इकल्याबिगर ज्ञानूचं घर पुरं व्हायचं न्हाई. कॅनडात मजुरी लई म्हाग हाय."

"भिंती कशाच्या हायेत?"

"लाकडाच्या."

"मंजी आपल्या गोठ्यावानी. अन् त्याला मळा लागतोय."

"तिकडं तशीच पद्धत हाय."

"स्लॅब तरी टाकलाय का?"

"न्हाई. बर्फ पडतो, म्हनून उतरतं छप्पर."

"मग पापड कुठं घालायचे? का बर्फच वाळवत्यात?"

"तुला चेष्टाच सुचती. अगं, कुत्र्याला सुदीक येगळी खोली काढलीय त्यानं."

"लई सुखाचं झालं. अन् आपल्याला?"

"पाव्हन्यांची खोली हाय की."

"पाव्हन्यांची व्हय?"

"तसंच म्हनत्यात तिकडं. ऊठ, गाडी आली. मळा तुझ्या नावावर हाय, खरेदीखतावर सही तुझीच लागंल."

"अवो, पाव्हनी घरभरनीला आहेर नेती. नगरात टॉवेल-टोपी घेऊ, कुत्र्यालाबी एक पट्टा घेऊ. मळा राहू द्या."

"टोपी घ्यायची, तर ज्ञानूच्या डोक्याचं माप मला ठावं न्हाई."

"मला ठावं हाय. चला."