डाव्या सीटसमोरचा दिवा

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि करवीर रानवाट जीप मंडळाचे संस्थापक माननीय उदयसिंह सरनोबत, प्रमुख पाहुणे, शेती अवजारांचे जुने व्यापारी सयाजीराव इंगवले, मधोमध बसवल्यामुळे अवघडून गेलेले आपले सत्कारमूर्ती, गॅरेजवाले बाबासो मिस्त्री, समोर बसलेले सभासद, त्यांच्या घरची मंडळी, आणि पहिल्या रांगेतल्या माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, आपणा सर्वांना संयोगिता यशराज खराडेचा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिलेली आहेत आणि विषयही दिलेला आहे. निरोप समारंभात विषय देऊन बोलायला लावणारं आपलं मंडळ जिल्ह्यात एकटंच असावं. पत्रिकेवर छापलंय, 'ऑफ-रोडिंगसाठी डिफरेन्शियल लॉक घ्यावा का?' पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभेत लॉकवर बंदी घालायचा ठराव येतोय. माझे यजमान ज्या गाडीत गेले तिला लॉक होता. उदयसिंहदादांना वाटलं असणार, या विषयावर हिच्याइतका अधिकार दुसऱ्या कुणाचा? बरोबर वाटलं त्यांना.

सभासदांना लॉक म्हणजे काय हे माझ्यापेक्षा चांगलं कळतं. पण घरची मंडळी आलीत, आणि मी राजारामपुरीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, त्यामुळे समजावल्याशिवाय राहवत नाही. खळ्यावर मळणीचे बैल फिरताना आत्यांनी पाहिलेत. मेढीजवळचा, म्हणजे मधल्या खांबाजवळचा, बैल जागच्या जागी पावलं टाकतो, कडेच्याला मात्र लांबचा फेरा पडतो. गाडी वळताना चाकांचं तसंच होतं. दोन्ही चाकांना आपापल्या चालीनं चालू देणारी जी व्यवस्था मागच्या एक्सलमध्ये असते, ती डिफरेन्शियल. तिच्यात एक खोट आहे. एक चाक चिखलात सापडलं की सगळं फिरणं त्याच्याच वाट्याला येतं, ते गरागरा फिरतं, आणि कोरड्यावरचं चाक नुसतं बघत बसतं. आपल्या कार्यकारिणीत असं होतं का, यावर मी आज बोलणार नाही. लॉक लावला की दोन्ही चाकं एकाच चालीनं फिरतात आणि गाडी निघते. सयाजीरावांनी विकलेल्या ट्रॅक्टरला हे पेडल पायाशीच असतं. उसाची ट्रॉली फडातून काढणाऱ्याला मी हे शिकवायला गेले, तर तो मला चहा पाजून परत पाठवील. आणि त्याला हेही माहीत असतं, की डांबर लागायच्या आत लॉक सोडायचा. नाहीतर वळणावर गाडी वळायला मागत नाही, सरळ जाते.

यशराजना लॉक हवा होता. मिस्त्रींनी तीनदा परत पाठवलं. म्हणाले, "मालक, कशाला पायजे? टायर चांगलं घाला, हवा कमी करा, पाय हलका ठेवा. बास की." हे खरं आहे. आपण जिथं जातो त्या दहातल्या आठ जागी एवढ्यावर भागतं. पण यशराजचं तोंड पडलेलं मला बघवेना, म्हणून चौथ्या वेळी मी गेले. माझ्यापुढं मिस्त्रींचं चाललं नाही. त्यांनी एक अट मात्र घातली.

"वैनी, लॉकचा लाल दिवा तुमच्या सीटम्होरं बसवणार. डायवरचं ध्यान वाटंवर असतंय, त्येला दिसत न्हाय. डांबर आलं की तुमी म्हणायचं, लॉक? त्येनी म्हणायचं, सोडला. त्येनी म्हटल्याबिगर गाडी फुडं न्यायची न्हाय."

आणि गॅरेजमध्ये सगळ्यांसमोर आमच्याकडून वीस वेळा म्हणवून घेतलं. मागं पोरं हसत होती. पुढं आमच्या घरात ती सवयच झाली. गिझर बंद केला का, हे विचारायचं असलं तरी मी म्हणायची, "लॉक?" आणि आतून आवाज यायचा, "सोडला." आत्या म्हणायच्या, ह्या दोघांना खूळ लागलंय.

पुराच्या वर्षी त्याच लॉकच्या जोरावर आम्ही वस्तीवरच्या एका आजारी आजीला गुडघाभर चिखलातून बाहेर काढलं होतं. तिच्या सुनेनं नंतर घरी येऊन खरवस दिला. तेव्हा लॉक घ्यावा का, असं कुणी विचारलं नाही.

आता गेल्या श्रावणातल्या रविवारचं सांगते. जोतिबाच्या मागच्या पठारावर आपली फेरी होती. एका फाट्यावर मी वाट चुकवली आणि गाडी तासभर रुतली. जेवायला थांबल्यावर यशराज सगळ्यांना हसत म्हणाले, "हिला फळ्यावरचा बाण कळतो, रानातला कळत नाही." सगळे हसले. तुम्हीही हसला होता दादा, विनोद चांगलाच होता. मला तो लागला. परतीला मी अबोला धरला. ज्यांचा संसार झालाय त्यांना अबोला समजावून सांगायला नको. आपण आधी बोलायचं नाही, एवढाच त्याचा नियम.

कोडोलीकडं उतरणारा डांबरी रस्ता लागला. पाऊस नुकता थांबला होता. माझ्यासमोर लाल दिवा लागलेला होता, आणि मी तो पाहिला.

हे वाक्य मी वर्षभर फळा पुसताना मनात म्हणून पाहिलंय, म्हणून आज अडखळले नाही. मी दिवा पाहिला आणि बोलले नाही. बघू दे त्यांचं त्यांना, आजच मी का सांगू, असं वाटलं. पहिलं वळण बेताचं होतं, ते निघालं. दुसऱ्यावर गाडी वळली नाही.

मिस्त्री, हात करू नका. बसा.

मागच्यांना ऐकू आलं नसेल, मिस्त्री म्हणतायत, "ऱ्हाऊ द्या की वैनी." वर्षभर राहूच दिलं ना मी! अजून थोडा वेळ गप्प बसा.

मंडळानं चौकशी केली. अहवालात लिहिलं, 'लॉकच्या जोडणीत दोष असावा, त्यामुळे तो सुटला नसावा.' खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे, आणि जोडणी करणारा म्हणून मिस्त्रींची. मिस्त्रींनी त्याआधी गाडी उघडून पाहिली होती. खटका चालूच होता. लॉक लावला की लागत होता, सोडला की सुटत होता, दिवासुद्धा शाबूत होता. म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. मी त्यांना जिन्यात गाठून विचारलं, सही का केलीत? ते म्हणाले, "माझं काय, गॅरेज जाईल. तुमास्नी त्याच घरात ऱ्हायाचं हाय. म्हातारी हाय, पोरगी हाय."

आणि गॅरेज गेलं. उद्यमनगरात बातमी पसरली की म्हाताऱ्याचा हात आता बिघडला. एकेक गाडी दुसरीकडं वळली. एकेचाळीस वर्षांच्या गॅरेजचं शटर उद्या कायमचं खाली येतंय. वय झालं म्हणून थांबतोय, असं मिस्त्री सांगतात. तुम्ही मान डोलावता. मीही डोलावली.

लोक विचारतात, तू रडत का नाहीस? मला काही वाटत नाही हो. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल असतो, पण आपला वाटत नाही, तसं चाललंय. तास घेते, डबा भरते, लेकीची वेणी घालते. आज हे सांगताना तरी आत काही हलेल, अशी आशा होती. हललं नाही. माईक तेवढा गार लागतोय.

घड्याळ बघून दादा चुळबुळ करतायत, तेव्हा विषयावर येते. लॉक घ्यावा का? हौसेनं महिन्यातून एखाद्या रविवारी पठारावर जाणाऱ्यानं टायर, हवा आणि हलका पाय यावर भागवावं. ज्याच्या रोजच्या वाटेवर चिखल आहे त्यानं जरूर घ्यावा आणि चांगल्या हातानं बसवून घ्यावा. तो चांगला हात या व्यासपीठावर शाल सांभाळत बसलाय. बंदी घालू नका. लॉकनं त्याचं काम चोख केलं होतं. शेजारी मात्र असं माणूस बसवा, जे भांडण झालं तरी बोलेल.

अध्यक्षमहाराज, माझी एक विनंती आहे. तो अहवाल मागे घ्यावा आणि आजच्या इतिवृत्तात लिहावं, 'गाडीच्या जोडणीत कसलाही दोष नव्हता, हे संयोगिता खराडे यांनी सांगितलं.' मी सही करूनच जाईन. माझं पहिलं सांगणं घरी, आत्यांपाशी व्हायला हवं होतं. चारदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. दरवेळी त्या विचारायच्या, "जेवलीस का गं?" आणि मी हो म्हणून परत यायची. आज शेवटचा दिवस होता. उद्या शटर पडल्यावर हे बोलून मिस्त्रींना काय उपयोग?

मला बोलू दिल्याबद्दल मंडळाचे आभार. हार आणणाऱ्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे आभार. मिस्त्रींचे आभार मला मानता येत नाहीत, ती माझी कुवत नाही. बोलण्यात नावं मागंपुढं झाली असतील, वेळ जास्त घेतला असेल, तेवढ्याची माफी सभागृहाकडं मागते. बाकीची माफी ज्यांच्याकडं मागायची, त्या पहिल्या रांगेत आहेत.

मी खाली येते आता. आत्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मी जागा धरायला माझी पर्स ठेवून आले होते. डोळ्यांवर दिव्यांचा उजेड आहे, ती अजून तिथं आहे का, हे इथून दिसत नाही.

नमस्कार.